परत येणाराचा हक्क

आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन ते १९७२ सालीं विलायतेस गेले. तेथील सरकारी रुग्णालयांत त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें अस्थिरोगांचे शल्यवैद्य म्हणून काम केलें. तेथलें नागरिकत्व घेतलें. आणि २०१२ सालीं, वयाची पासष्टी उलटल्यावर, पुण्यास येऊन स्थायिक झाले. मी नीतिशास्त्र शिकवितों ही गोष्ट ते सहसा थट्टेवारी नेतात. परंतु गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं त्यांनीं मला एक प्रश्न अगदीं गंभीरपणें विचारला, आणि त्याचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं.

"अहो प्रोफेसर," ते म्हणाले, "चाळीस वर्षें मीं त्या लोकांचीं हाडें बसविलीं आणि चाळीस वर्षें करहि भरला. आतां माझाच खुबा झिजला आहे, आणि तेथल्या नियमाप्रमाणें मी परका! मुलगी लेस्टरला असते. ती म्हणते, 'बाबा, कायमचा राहायला आलों आहें एवढेंच इथें येऊन सांगा. एकदां शस्त्रक्रिया होऊं द्या, मग पुढचें पुढें पाहूं.' तुम्हीच सांगा, मीं तसें म्हणावें का?"

मीं कांहीं तरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परंतु घरीं येतांना माझ्या मनास चैन पडेना. पुण्यांत ही शस्त्रक्रिया होत नाहीं असें नाहीं. तिच्यासाठीं त्यांना आपल्या शिलकेंतील मोठी रक्कम मोडावी लागणार होती, एवढाच प्रश्न होता. तथापि त्यांच्या बोलण्यांत पैशापेक्षां अपमानाचें दुःख अधिक होतें. ज्या घराचे वासे आपण खांद्यावर वाहिले, त्या घरानें आपल्याला दारांत उभें करून नांव-गांव विचारावें, असें कांहींसें तें दुःख होतें. तें रास्त होतें काय, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम तेथील नियम काय आहे तें पाहूं. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. तत्कालीन आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनीं ती ज्या तत्त्वावर उभारली तें सरळ होतें: रोग्यास उपचार मिळावे ते त्याच्या गरजेप्रमाणें, त्याच्या ऐपतीप्रमाणें नव्हे, आणि खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून चालावा. आपल्याकडे आणि खुद्द तिकडेहि पुष्कळांची अशी समजूत असते कीं, नोकरदार माणसें राष्ट्रीय विम्याची जी वर्गणी भरतात तिच्या मोबदल्यांत हा औषधोपचार मिळतो. वस्तुतः तसें नाहीं. त्या वर्गणीचा कांहीं अंश सेवेकडे जातो हें खरें. परंतु रुग्णालयाच्या दारांत कोणी वर्गणीची वही मागत नाहीं. विचारलें जातें तें इतकेंच कीं, हा मनुष्य या देशाचा नेहमीचा रहिवासी आहे कीं नाहीं.

परदेशस्थांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारला १९४९ च्या कायद्यानेंच मिळाला होता. परंतु तो प्रत्यक्ष वापरण्याचे नियम १९८२ पर्यंत झाले नाहींत. बेव्हन यांचा या कल्पनेला विरोध होता, आणि १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं त्याचें एक मार्मिक कारण दिलें आहे. पाहुणा कोण आणि घरचा कोण हें ओळखावयाचें, तर घरच्यांनाहि आपण घरचे असल्याचा दाखला खिशांत बाळगावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

'नेहमीचा रहिवास' म्हणजे काय, याचा निर्णय लॉर्डांच्या सभागृहानें एका खटल्यांत केला. तो १९८३ च्या निर्णयसंग्रहांत आढळतो. खटला होता परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणवेतनाचा, पण त्याची व्याख्या पुढें रुग्णालयांतहि लागू झाली. न्यायमूर्ति लॉर्ड स्कार्मन यांच्या विवेचनाचें सार असें: मनुष्यानें स्वखुषीनें, कांहीं स्थिर हेतु धरून, आपल्या जीवनक्रमाचा भाग म्हणून एखाद्या देशांत वास्तव्य केलें असलें, म्हणजे तो तेथील नेहमीचा रहिवासी होय. मग तें वास्तव्य अल्प असो वा दीर्घ असो. यांतून एक मोठी उदार गोष्ट निष्पन्न होते. तीस वर्षें परदेशांत काढलेला ब्रिटिश नागरिक जर खरोखर राहण्यासाठीं परत आला, तर पहिल्या दिवसापासून त्याला सर्व उपचार विनामूल्य मिळतात. आजार सोबत घेऊन आला तरी मिळतात. उलट तोच मनुष्य मुलीला भेटावयास म्हणून महिनाभर आला असला, तर ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेचें मोल त्याला द्यावें लागतें. इंग्लंडांत २०१५ च्या नियमांप्रमाणें तें ठराविक दराच्या दीडपट असूं शकतें. अपघात-विभागांतील तांतडीचा उपचार आणि सांथीच्या रोगांवरील औषध मात्र सर्वांना मोफत असतें. आणि जीव वांचविण्यास अवश्य असा उपचार पैशांसाठीं अडवून धरूं नये, असाहि दंडक आहे.

म्हणजे आमच्या स्नेह्यांचें पारपत्र, त्यांची चाळीस वर्षांची सेवा, त्यांनीं भरलेला कर, यांपैकीं कशानेंहि त्यांना हक्क मिळत नाहीं. मिळतो तो एकाच गोष्टीनें, आणि ती म्हणजे तेथें राहणें. हा न्याय आहे काय?

हक्काचे पाये तीन कल्पितां येतात: दिलेलें धन, जन्मानें अथवा कायद्यानें लाभलेलें नागरिकत्व, आणि वास. यांपैकीं पहिला पाया मनाला सर्वांत लौकर पटतो. ज्यानें भरलें त्यानें घ्यावें, यांत अन्याय तो कोणता? परंतु हें तत्त्व शेवटपर्यंत ओढून पाहावें. जन्मतःच पंगु असलेलें मूल कधींच कांहीं भरणार नाहीं. घर सांभाळून आयुष्य काढलेल्या बाईनें आपल्या नांवें आयकराची एक कवडीहि भरलेली नसते. ज्यांना औषधाची गरज सर्वांत अधिक, तेच भरण्यास सर्वांत असमर्थ असतात. म्हणून जमाखर्चाची वही उघडली कीं या सेवेचें मूळच तुटतें. शिवाय भरणाऱ्याला कांहीं मिळालें नाहीं असेंहि नाहीं. त्या चाळीस वर्षांतील प्रत्येक रात्रीं आमचे डॉक्टरसाहेब या विश्वासानें झोंपीं गेले कीं, उद्यां आपण, आपली बायको किंवा आपलें मूल आजारी पडलें तर घरदार विकावें लागणार नाहीं. ज्यानें घराचा आगीचा विमा उतरला त्याचें घर जळलें नाहीं, म्हणून वर्षाअखेर तो विम्याचे पैसे परत मागत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला बळकट वाटतो. आग कोणत्याहि वर्षीं लागूं शकते. आजार मात्र बहुधा म्हातारपणींच येतो. तरुणपणीं मनुष्य भरतो तें त्या वेळच्या वृद्धांसाठीं, आणि आपल्या वार्धक्यांत कोणी तरी तरुण आपल्यासाठीं भरील या आशेवर. अशा माणसाला ऐन वार्धक्यांत 'तुझा संबंध संपला' असें सांगणें म्हणजे पंगतींत वाढण्याचें काम त्याच्याकडून करून घेऊन त्याच्या पाळीला पान उचलण्यासारखें आहे. हें म्हणणें मीं पुष्कळ दिवस मनांत घोळविलें. माझें मत असें झालें कीं, अशा माणसाचें ऋण त्या समाजावर खरोखर आहे. परंतु तें फेडण्याची योग्य रीत म्हणजे त्याच्यासाठीं दार कधींहि बंद न करणें. वय कितीहि होवो, रोग कोणताहि असो, 'मी परत राहावयास आलों' असें म्हणत तो आला तर त्याला पहिल्याच दिवशीं पान मांडलें पाहिजे. ब्रिटनचा कायदा तेवढें करतो. पान घरीं पाठवून द्यावें, किंवा जेवण्यापुरतें येऊन उठून जावें, एवढें मात्र तो मान्य करीत नाहीं.

पान घरीं पाठविण्याचीहि सोय असूं शकते, पण ती दोन राज्यांनीं आपसांत करार करून करावयाची असते. स्पेन किंवा फ्रान्समध्यें जाऊन राहिलेल्या ब्रिटिश निवृत्तिवेतनधारकांसाठीं तशी व्यवस्था आहे: उपचार तेथल्या देशानें करावे, खर्च ब्रिटननें द्यावा. हिंदुस्थानाशीं तसा करार नाहीं. आणि येथेंच डॉक्टरसाहेबांची एक तक्रार मला सर्वस्वीं न्याय्य वाटते. त्यांचें तिकडील सरकारी निवृत्तिवेतन हिंदुस्थानांत राहण्यामुळें गोठलेलें आहे. तिकडे दरसाल महागाईप्रमाणें जी वाढ होते ती त्यांना मिळत नाहीं. आता निवृत्तिवेतन ही वस्तुच अशी आहे कीं ती भरलेल्या वर्षांच्या हिशेबानें मिळते. तेथें वही उघडण्याचा नियम सरकारनें स्वतःच केला; मग मनुष्य कोठें राहतो हें पाहून त्या वहींतील आंकडा कां गोठवावा? जें भरून मिळविलें तें राहण्यावर अवलंबून ठेवणें अन्याय्य, आणि जें एकत्र राहण्यानें मिळतें तें भरण्यावर अवलंबून ठेवणेंहि अन्याय्य. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेंच आमच्या स्नेह्यांचा राग चुकीच्या दाराशीं जाऊन थांबला, असें मला वाटतें.

दुसरा पाया नागरिकत्वाचा. याचें आकर्षण भावनेचें आहे: लेकरूं कितीहि दूर गेलें तरी आईचें तें आईचेंच. परंतु पारपत्र हाच निकष धरला, तर ज्याचा जन्म परदेशांत झाला, ज्यानें त्या देशांत एक हिंवाळाहि काढला नाहीं, त्याला केवळ बापाच्या वारशानें मिळालेल्या पुस्तिकेवर सर्व कांहीं मिळेल. आणि केरळांतून अथवा फिलिपाईन्समधून येऊन तेथल्याच रुग्णालयांत रात्रपाळी करणारी परिचारिका मात्र परकी ठरेल. किंबहुना तशा अन्यायाची चव तिला चाखावी लागली आहे. परदेशांतून कामासाठीं येणाऱ्यांवर २०१५ पासून तेथें आरोग्याचा वेगळा अधिभार बसला. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो माणशीं वर्षाला १,०३५ पौंड झाला. २०२० च्या महामारींत जेव्हां हींच माणसें इतरांचे जीव वांचवीत होतीं, तेव्हां कोठें आरोग्यसेवकांना त्यांतून सूट देणें सरकारला सुचलें. ज्या सेवेसाठीं ती परिचारिका राबते आणि जिच्यासाठीं सर्वांबरोबर करहि भरते, तिचें प्रवेशमूल्य तिनें पुन्हां निराळें भरावें, हें कोणत्या न्यायानें?

उरला तिसरा पाया, वासाचा. हा दिसावयास सर्वांत क्षुद्र. येथें ना घामाचा दाम आहे, ना रक्ताचें नातें. तरीहि नीतीच्या दृष्टीनें तोच सर्वांत खोल आहे असें माझें मत आहे. आजार ही मुख्यतः शेजाराची गोष्ट आहे. पाणी एक, हवा एक, रस्ता एक. शेजाऱ्याच्या क्षयाचा खोकला भिंतीपलीकडून ऐकूं येतो आणि भिंतीपलीकडे पोंचतोहि. पूर्वीं गांवांत आग लागली म्हणजे घागर घेऊन धांवणारा मनुष्य 'हें घर कोणाचें, त्यानें गांवपट्टी भरली होती काय' असें विचारीत नसे. तो धांवे, कारण त्याचेंहि छप्पर त्याच वाऱ्यांत होतें. राष्ट्रीय आरोग्य सेवा हें या घागरींचेंच मोठें रूप आहे. जो वाऱ्यांत आहे तो रांगेंत आहे. आणि जो आज पुन्हां येऊन वाऱ्यांत उभा राहिला, तो आजच रांगेंत आला.

म्हणूनच परत येणाऱ्यास कांहीं काळ थांबविणारे नियम मला पटत नाहींत. कानडांत १९८४ च्या कायद्यानें प्रांतांना नव्या रहिवाशाला तीन महिन्यांपर्यंत थांबविण्याची मुभा दिली आहे, आणि कांहीं प्रांत परत आलेल्या स्वतःच्या नागरिकांनाहि ती अट लावतात. केवळ औषधापुरतें कोणी येऊं नये हा हेतु समजण्यासारखा आहे. परंतु निरोगी माणसाला तीन महिन्यांचें कांहींच वाटत नाहीं. त्या अटीचा भार सबंध पडतो तो आजाऱ्यावर. आपल्या कोंकणांतील आखाती देशांत गेलेल्या मजुराचें उदाहरण घ्या. तेथें जन्मभर राबला तरी नागरिक होऊन राहण्याची वाट त्याला बहुधा नसते. अंग धरलें कीं त्याला घर गांठावेंच लागतें. त्यानें येथें आयकर भरलेला नसतो. घरीं पाठविलेल्या पैशांवर मात्र गांवांतलीं दहा दुकानें चाललेलीं असतात. त्याला 'तीन महिने थांब' म्हणणें क्रूरपणाचें होईल. पैसे देण्यास असमर्थ आहे म्हणून कोणीहि उपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व आपल्या देशांत भोर समितीनें १९४६ सालींच, म्हणजे ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षें आधीं, लिहून ठेवलें आहे. तें अमलांत किती आलें हें वाचक जाणतातच.

वासाच्या तत्त्वालाहि कोपरे आहेत हें मी नाकारीत नाहीं. २०१८ च्या आरंभीं गोवा सरकारनें बांबोळीच्या रुग्णालयांत राज्याबाहेरील रोग्यांना शुल्क लावलें, तेव्हां सिंधुदुर्गांत मोठा असंतोष माजला; कारण तेथल्या पुष्कळांना तेंच मोठें रुग्णालय सर्वांत जवळचें. शेजार सरहद्दीपाशीं संपत नाहीं, कायदा संपतो. अशा ठिकाणीं राज्यांनीं करार करून कायद्याचा हात शेजारापर्यंत लांबवावा, हाच उपाय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. वासाच्या तत्त्वाचा खरा नाजूक भाग असा कीं, तो हेतूवर उभा आहे. 'मी राहावयास आलों आहें' हें विधान खरें कीं खोटें, हें पहिल्या दिवशीं जाणणारा एकच मनुष्य असतो. अधिकारी भाड्याची पावती पाहील, सामान आणलें का विचारील, इकडलें घर विकलें का हेंहि विचारील. पण हे सर्व हेतूचे कवडसे होत. शेवटीं कायद्याला माणसाच्या शब्दावर विसंबावें लागतें. मनुष्य खरोखर राहण्यासाठीं गेला आणि दोन वर्षांनीं करमेना म्हणून परतला, तर त्यांत असत्य नाहीं. हेतु बदलणें हा अपराध नव्हे. परंतु परतीचें तिकीट खिशांत ठेवून 'कायमचा आलों' म्हणणें हें मात्र असत्य आहे. चाळीस वर्षांच्या सेवेनें तें सत्य होत नाहीं.

कोणी म्हणेल, यानें कोणाचें काय बिघडलें? अवाढव्य सरकारला एका खुब्याचें काय ओझें? ओझें सरकारवर पडत नाहीं. तें पडतें पाठीमागून खऱ्या हेतूनें येणाऱ्यावर. प्रत्येक खोट्या शब्दाबरोबर पुढच्या खऱ्या शब्दाची किंमत उतरते आणि एक नवा कागद मागितला जातो. बेव्हन यांनीं वर्तविलेलें भविष्य येथें आठवावें. २०१८ सालीं ब्रिटनमध्यें एक लाजिरवाणें प्रकरण उघडकीस आलें. १९७३ पूर्वीं वेस्ट इंडीज बेटांतून कायदेशीरपणें आलेल्या, तेथेंच वाढलेल्या, पन्नास-पन्नास वर्षें तेथेंच राबलेल्या माणसांना आपण घरचे आहों हें कागदोपत्रीं सिद्ध करतां येईना, आणि त्यांतल्या कांहींजणांना रुग्णालयांत उपचारहि नाकारले गेले. त्या अन्यायाचें पाप तेथील सरकारच्या धोरणाचें होतें; कोणा एका खोटें बोलणाऱ्या प्रवाशाचें नव्हे. तथापि अशा धोरणाला लोकांची संमति मिळते ती 'बाहेरचे येऊन फसवितात' या संशयावर. आणि तो संशय जागा झाला कीं कागद प्रथम कोणाला मागितला जातो? ज्याचा वर्ण सांवळा आणि नांव परकें, त्याला. डॉक्टरसाहेबांचा वर्ण आणि नांव कोणतें, हें मीं सांगावयास नको.

पंधरा दिवसांनीं मी त्यांच्याकडे गेलों आणि वर लिहिलें तें सारें, पुष्कळ अडखळत, त्यांना सांगितलें. ते खिडकीकडे पाहत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "तुमचें म्हणणें कळलें. म्हणजे मी खरोखर कोठें राहतों, हें आधीं मला ठरवायला हवें."

तें ठरविण्यास त्यांना महिना लागला. लेस्टरला मुलीपाशीं जाऊन खरेंच राहावें काय, याचाहि त्यांनीं प्रामाणिकपणें विचार केला. आणि तसें ठरतें तर तेथला हक्क त्यांचा पहिल्या दिवसापासून होता, व तो घेण्यांत मला कांहींच वावगें दिसलें नसतें. परंतु सकाळचें टेकडीवरचें फिरणें, चार जुने मित्र आणि देव्हाऱ्यांतला आईचा दिवा सोडून जाण्यास त्यांचें मन घेईना. मार्गशीर्षांत शस्त्रक्रिया पुण्यासच झाली. मुलगी रजा काढून आली होती. आतां काठी टेकीत ते फाटकापर्यंत येतात.

गोठलेल्या निवृत्तिवेतनासंबंधीं मात्र त्यांनीं तिकडील लोकसभेंतील एका सभासदाला सविस्तर पत्र लिहिलें आहे. त्याचा मसुदा मला दाखविला. भाषा जरा कडक होती. पण तींतला एकहि शब्द सौम्य करावा असें मला वाटलें नाहीं.